इंग्रजीत लिहिलंय म्हणजे खरंच असणार

फॅक्ट आणि ओपिनियन हा धडा इंग्रजीच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात असतो आणि जवळपास प्रत्येक पुस्तकात तो सारखाच असतो. दहा वाक्यं, समोर एफ किंवा ओ लिहायचं. आईस्क्रीम इज टेस्टी, ओ. द सन राइजेस इन द ईस्ट, एफ. पाच मिनिटांत संपतो, सगळ्यांना दहापैकी दहा. लहान मुलांसाठी ठीक आहे, पण मी परळला संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते आणि त्यातल्या कुणाला आजवर आईस्क्रीमवरून कुणी फसवलेलं नाहीये. फसवलंय ते कार्पेट एरियावरून, नोकरीच्या जाहिरातीवरून, पॉलिसीच्या कागदावरून.

क्लास एका मंडळाच्या हॉलमधे भरतो. दादरच्या साडीच्या दुकानात काम करणारी एक मुलगी येते, हॉस्पिटलमधल्या वॉर्डातल्या मावशी येतात, कॉमर्सची पोरं, डिलिव्हरी करणारे दोघं, सिक्युरिटीतले एक काका, आणि मुलं इंग्लिश मिडियमला घातलेल्या चारपाच जणी, ज्यांना शाळेच्या ग्रुपवर आलेला मेसेज मुलाला न विचारता वाचता यायला हवाय. सगळे मराठी मिडियमचे. आणि यातल्या प्रत्येकाला मराठीत फॅक्ट कुठलं आणि बाता कुठल्या हे बरोबर कळतं. भाजीवाला म्हणाला ना की ताई एकदम ताजी गवार आहे, तर ह्या बायका त्याच्याशी वाद घालत नाहीत, सरळ शेंग उचलतात आणि मोडून बघतात. कट्‌ आवाज आला तर घेतात. पण तेच "फ्रेश" असं इंग्रजीत पाकिटावर छापलेलं असलं की मोडून बघायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. इंग्रजीत लिहिलंय म्हणजे कुणीतरी शिकलेल्या माणसाने लिहिलंय, म्हणजे खरंच असणार. हे मला कुणी असं बोलून दाखवलेलं नाही, पण क्लासमधे बसलं की दिसतं. आणि माझं मत असं झालंय की मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचं तर टेन्सच्या आधी हा दबदबा उतरवायला लागतो.

म्हणून मी वर्कशीट बंद केली आणि सांगितलं, घरी, दुकानात, ट्रेनमधे जे काही इंग्रजीत दिसेल ते आणा. एकाने फ्लॅटची जाहिरात आणली. स्पेशस वन बीएचके इन प्राइम लोकेशन, कार्पेट ३८० स्क्वेअर फूट, ५ मिनिट्स फ्रॉम स्टेशन, गुड सोसायटी. एवढंच. या चार तुकड्यांवर आमचा अख्खा तास गेला आणि तरी पुरला नाही.

स्पेशस काय, एफ की ओ? जवळपास सगळ्यांनी एफ म्हटलं. मावशी म्हणाल्या, "मॅडम, त्यांनी मोजल्याशिवाय थोडंच लिहिलं असेल?" मग मी विचारलं की तुमची खोली केवढी आहे. एक जण बीडीडी चाळीतला, त्याची १६० स्क्वेअर फूट, त्यात पाच माणसं, तो म्हणाला मला तर ३८० म्हणजे मैदान वाटेल. साडीच्या दुकानातली मुलगी म्हणाली माझ्या आत्याचा बदलापूरला याच्या दीडपट आहे आणि तिला तो लहान वाटतो. दोघंही खरं बोलत होते. तेव्हा कुठे हळूहळू हात खाली आले आणि स्पेशससमोर ओ लिहिला गेला. ३८०चं मात्र तसं नाही. रेरा या घरखरेदीच्या कायद्यात, २०१६च्या, कार्पेट एरिया म्हणजे काय ते लिहून ठेवलंय, घराच्या आतल्या पार्टिशनच्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट आणि बाल्कनी धरायची नाही. म्हणजे टेप घेऊन जा आणि मोजा. कमी भरलं तर वाक्य खोटं, पण खोटं ठरू शकतं म्हणूनच ते एफच्या खणात.

इथे नेहमी गाडी अडकते. "मॅडम, खोटं असेल तर फॅक्ट कसं?" अगदी बरोबर प्रश्न आहे आणि पुस्तकं याचं उत्तर नीट देत नाहीत. मी फळ्यावर लिहिते, खरं की खोटं हा नंतरचा प्रश्न, आधीचा प्रश्न तपासता येतं का. शेंग मोडता येते का. मोडता येत असेल तर एफ, मग ती ताजी निघो नाहीतर शिळी.

"५ मिनिट्स"वर डिलिव्हरीवाला लगेच म्हणाला, कशाने? बाइकने की चालत? आणि कुठल्या वेळी, सकाळी नऊला स्टेशन रोडला पाच मिनिटांत रिक्षासुद्धा वळत नाही. हे मला फार आवडलं, कारण त्याने वाक्य खोडून काढलं नाही, त्यातलं काय गाळलंय ते विचारलं. आणि "गुड सोसायटी"वर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग साडीच्या दुकानातली मुलगी म्हणाली, "गुड फॉर हूम, मॅडम?" आणि पुढे मराठीत सांगितलं की तिच्या भावाला एका ठिकाणी फ्लॅट दाखवला, सगळं ठरत आलं आणि मग विचारलं तुम्ही मच्छी खाता का. ती सोसायटी पण जाहिरातीत गुडच होती. फुल सेंटेन्समधे बोलायला लाजणारी मुलगी, पण तिने विचारलेला तो तीन शब्दांचा प्रश्न मी तेव्हापासून प्रत्येक बॅचला फळ्यावर लिहून देते.

आता कुणी म्हणेल की ही माणसं कमी शिकलेली म्हणून असं होतं. तर तसं अजिबात नाहीये. अमेरिकेत २०१८मधे प्यू रिसर्च सेंटर या सर्व्हे करणाऱ्या संस्थेने पाच हजारांहून जास्त प्रौढांना पाच फॅक्टची आणि पाच मतांची वाक्यं दिली होती. पाचही फॅक्ट ओळखता आलेले २६ टक्के, पाचही मतं ओळखता आलेले ३५ टक्के. सर्व्हे त्यांच्याच देशात, त्यांच्याच भाषेत, आणि तरी हे आकडे. आणि लोक चुकत कुठे होते, तर जे वाक्य आपल्या पक्षाच्या बाजूचं ते फॅक्ट वाटायचं, विरुद्ध बाजूचं ते मत. म्हणजे इंग्रजी उत्तम आलं तरी हे आपोआप येत नाही, ते वेगळं शिकायला लागतं. हे मी क्लासमधे सांगितलं तेव्हा सिक्युरिटीतले काका ताठ बसले. त्यांना बरं वाटलं आणि मला ते बघून बरं वाटलं.

विशेषण दिसलं की ओ, असा एक शॉर्टकट पोरं लगेच पकडतात. तो पावसाळ्यात मोडतो. जूनमधे हवामान खात्याचा इशारा फोनवर येतो, हेवी टू व्हेरी हेवी रेनफॉल. हेवी म्हणजे ओपिनियनच ना मॅडम, कुणाला हेवी वाटेल, कुणाला नाही. पण इथे तसं नाही, हवामान खात्याने ते मापात बांधलंय. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे हेवी, ११५.६ ते २०४.४ म्हणजे व्हेरी हेवी, त्यापुढे एक्स्ट्रीमली हेवी. भांड्यात जमलेलं पाणी मोजून ठरतं. म्हणजे तोच शब्द आपण छत्री मिटता मिटता बोललो तर मत आणि खात्याच्या बुलेटिनमधे आला तर फॅक्ट. आणि मग २६ जुलै २००५ निघतोच, मुंबईत या विषयावर बोलायचं आणि तो निघायचा नाही असं होत नाही. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, कुलाब्याला ७५सुद्धा नाही. मावशी तेव्हा कलिन्याला राहायच्या, त्यांच्या छातीएवढं पाणी होतं, आणि काकांची ड्यूटी फोर्टला, ते म्हणाले आम्हाला ट्रेन बंद पडेपर्यंत पत्ताच नव्हता. "मुंबईत त्या दिवशी किती पाऊस पडला" याला एक आकडा नाही, कुठल्या मुंबईत हे विचारल्याशिवाय. कॉमर्सच्या पोरांचा तेव्हा जन्म पण झाला नव्हता, ती आ वासून ऐकत होती.

बोलायची वेळ आली की उलटंच चालू होतं. सगळे सगळ्याला आय थिंक लावतात. आय थिंक माय फादर इज फ्रॉम सातारा. आय थिंक टुडे इज थर्सडे. अरे बाबा, वडील सातारचे आहेत की तुला वाटतंय? ते नम्रपणासाठी असतं हे मला कळतं, चुकलो तर सांभाळून घ्या असा त्याचा अर्थ. आणि जिथे खरंच आय थिंक हवं तिथे मात्र एकदम ठाम, गव्हर्नमेंट हॉस्पिटल इज बॅड, सीबीएसई इज बेस्ट. हीच माणसं मराठीत बोलताना किती बारीक बोलतात बघा. "तो गावाला गेलाय म्हणे." "पोचला असेल आतापर्यंत." "बहुतेक रागावली असावी." कोण सांगतंय, स्वतः पाहिलंय की ऐकलंय, किती खात्री आहे, सगळं त्या एवढ्याशा वाक्यात असतं. इंग्रजीत आलं की हे सगळं गळून पडतं आणि शहाणं माणूस एकतर भित्रं वाटतं नाहीतर हेकट. म्हणून मी अपॅरंटली, ही मस्ट हॅव रीच्ड, शी सीम्स अपसेट हे खूप लवकर शिकवते, पॅसिव्ह व्हॉइसच्या कितीतरी आधी. काही सहकाऱ्यांना ते पटत नाही. मला मात्र वाटतं की माणसाला स्वतःची खात्री जेवढ्यास तेवढी सांगता आली पाहिजे, तो त्याचा हक्क आहे.

परदेशी जायचंय म्हणून आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा देणारी पोरं अधूनमधून येतात. त्या परीक्षेच्या रीडिंगमधे ही गोष्ट चक्क प्रश्नांच्या प्रकारातच घातलीय, माहितीबद्दल विचारायचं असेल तर ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन आणि लेखकाच्या मतांबद्दल विचारायचं असेल तर येस, नो, नॉट गिव्हन. ते नॉट गिव्हन पोरांना छळतं. मी आपल्या रेल्वेचा एक छोटा उतारा लिहिला होता, १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, ३४ किलोमीटर. खाली वाक्य, प्रवाशांना प्रवास आवडला. सगळ्यांचं उत्तर ट्रू. "मॅडम, पहिल्यांदा ट्रेनमधे बसले, मजा तर येणारच ना!" येणारच, मला पण तसंच वाटतं. पण उताऱ्यात लिहिलंय कुठे? बोट ठेवून दाखव. बोट फिरत राहतं आणि सापडत नाही, मग चेहऱ्यावर एक वैताग येतो, आणि तो वैताग मला मोलाचा वाटतो, कारण आपल्याला जे इतकं उघड वाटतं ते आपण स्वतः घातलंय हे त्याला त्या क्षणी दिसलेलं असतं.

फॉरवर्डचा विषय नाजूक असतो. एका ताईंनी तो जुनाच मेसेज आणला, युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वांत बेस्ट ठरवलं, काँग्रॅच्युलेशन्स टू ऑल इंडियन्स. कितीतरी वर्षं फिरतोय तो. युनेस्कोने असं काही कधी जाहीर केलेलं नाही. वाक्य पाहिलं तर मजेशीर आहे, आतमधे बेस्ट हे मत आणि बाहेरून युनेस्कोने ठरवलं हे तपासता येणारं वेष्टन. ताई दुखावल्या. त्यांना वाटलं मी राष्ट्रगीताला कमी लेखतेय. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला ते सर्वांत सुंदर वाटतं ना? मग युनेस्कोची परवानगी कशाला लागते, तुमच्या नावाने सांगा, आणि का ते सांगा. थोड्या वेळाने उभ्या राहिल्या, टू मी अवर अँथम इज द मोस्ट ब्युटिफुल, बिकॉज आय सँग इट एव्हरी मॉर्निंग विथ माय फ्रेंड्स इन स्कूल. एवढं लांब इंग्रजी वाक्य त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या आणि त्यावर कुणाला काही खोडायला जागाच नव्हती.

पण ज्या दिवशी या सगळ्याचा खरा उपयोग झाला तो नोटिशीचा दिवस. क्लासमधल्या एक काकू पागडीच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या भाड्याच्या खोलीत राहतात, सासऱ्यांच्या वेळेपासून. मालकाच्या वकिलाची इंग्रजी नोटीस आली, रजिस्टर एडी. घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही. मुलगा म्हणाला आता खोली गेली, पंधरा दिवसांत सोडायची असं लिहिलंय. काकू ती पिशवीत घालून क्लासला घेऊन आल्या, मॅडम जरा सांगा यात काय आहे. त्यांना विचारून, नाव आणि पत्ता झाकून, आम्ही ती सगळ्यांनी मिळून वाचली.

पहिलं वाक्य, अंडर इन्स्ट्रक्शन्स फ्रॉम माय क्लायंट. मी विचारलं, म्हणजे हे कोण बोलतंय? पोरं म्हणाली मालक. बरं, म्हणजे यापुढे जे जे येईल ते मालकाचं म्हणणं. कोर्टाचं नाही, पोलिसांचं नाही, सरकारचं नाही. मग एकेक वाक्य. खोली नंबर अमुक, तिसरा मजला, हे फॅक्ट आणि बरोबर. भाडं अमुक महिन्यापासून दिलेलं नाही, हे पण तपासता येणारं, तर काकू म्हणाल्या थांबा, आणि त्याच पिशवीतून रबर लावलेला भाडेपावत्यांचा गठ्ठा निघाला, नोटिशीत म्हटलंय त्याच्या नंतरच्या महिन्यांच्या पावत्या त्यात होत्या. म्हणजे शेंग मोडली आणि शिळी निघाली. यू आर इन इल्लीगल ऑक्युपेशन. इथे सगळे घाबरले, इल्लीगल हा शब्दच तसा आहे. पण इल्लीगल कोण ठरवतं? मालक ठरवू शकतो का? वकील? नाही, ते कोर्ट ठरवणार, मुंबईत भाड्याचे असले दावे स्मॉल कॉजेस कोर्टात जातात, तोपर्यंत ते एका बाजूचं म्हणणं आहे. इट इज कॉझिंग ग्रेट हार्डशिप टू माय क्लायंट, हे मत. व्हेकेट विदिन फिफ्टीन डेज, ही मागणी, यात एफ पण नाही आणि ओ पण नाही, कारण मागणी खरी किंवा खोटी नसतेच.

मी वकील नाही आणि हे मी काकूंना तीनतीनदा सांगितलं, चांगला वकील गाठा, उशीर करू नका, उत्तर लेखी गेलं पाहिजे. त्या दुसऱ्याच दिवशी गेल्या. पण जाताना त्यांच्या हातात त्या नोटिशीची झेरॉक्स होती आणि तिच्यावर पेन्सिलने प्रत्येक वाक्यासमोर एफ, ओ, आणि दोन ठिकाणी एफ रॉंग असं लिहिलेलं होतं, समोर पावतीची तारीख. वकिलांनी ती झेरॉक्स ठेवून घेतली म्हणे. प्रकरण चालू आहे, पुढे काय होईल ते कोर्टाच्या हातात. पण त्या घरात दोन दिवस जी भीती होती ती खोली जाण्याइतकीच त्या भाषेची होती, आणि भाषेची भीती तरी आम्ही हॉलमधे बसून उतरवू शकलो. मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवतेय ते कशासाठी असं कुणी विचारलं तर मी त्या झेरॉक्सबद्दल सांगेन.

यात एक धोका आहे आणि तो मला हल्ली जास्त जाणवतो. फॅक्ट म्हणजे भारी आणि ओपिनियन म्हणजे हलकं, सोडून द्यायचं, असं पोरांच्या डोक्यात बसायला लागतं. इट्स जस्ट माय ओपिनियन असं म्हणून खाली बसतात. ते जस्ट मी चालू देत नाही. माणूस आयुष्यभर कशासाठी भांडला, कशावर जीव लावला, हे सगळं मतांतच असतं ना. फक्त मताला कारण द्यायचं आणि कारणातले आकडे तपासलेले असायचे.

परळमधे बसून हे सांगायला उदाहरण शोधावं लागत नाही. गिरणीसंप. क्लासमधल्या एका बाईंचे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. बाईंनी त्यावर इंग्रजीत बोलायचं ठरवलं, कागदावर लिहून आणलं होतं. संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला, नेते डॉ. दत्ता सामंत, सुमारे २.५ लाख कामगार, आणि तो अधिकृतपणे मागे कधी घेतलाच गेला नाही. इथपर्यंत सगळे शांत. मग त्या म्हणाल्या, आफ्टर द स्ट्राइक ऑल मिल्स क्लोज्ड, अँड आय ब्लेम द ओनर्स. कॉमर्सच्या एका पोराने हात वर केला. नॉट ऑल, ताई. त्याने फोनवर शोधून दाखवलं की १९८३मधे केंद्र सरकारने मुंबईतल्या १३ गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं होतं, आणि काही गिरण्या तर पुढे बरीच वर्षं चालू होत्या. बाईंनी जरा विचार केला, पेन काढलं, कागदावरचं ऑल खोडून मेनी केलं. मग पुन्हा उभ्या राहिल्या आणि आवाज चढवून म्हणाल्या, ओके, मेनी मिल्स. अँड आय स्टिल ब्लेम द ओनर्स. आणि कारणं दिली, गिरण्यांच्या जमिनीवर आज काय उभं आहे ते खिडकीतून हात करून दाखवलं, थकलेल्या देण्यांचं सांगितलं, वडील नंतर कुठल्या कुठल्या बिल्डिंगखाली वॉचमन म्हणून बसले ते सांगितलं. पोरगा म्हणाला आय ब्लेम द युनियन ऑल्सो, बिकॉज दे डिड नॉट स्टॉप इन टाइम. त्यावर सिक्युरिटीतले काका, ज्यांचे स्वतःचे काका गिरणीत होते, ते इतके तापले की त्यांचं इंग्रजी सुटलं आणि ते मराठीवर आले, मी त्यांना बोलू दिलं, मग म्हटलं आता हेच इंग्रजीत. मोडकंतोडकं का होईना, त्यांनी सांगितलं.

कुणी कुणाचं मत बदललं नाही. पुढच्या आठवड्यात बाई वडिलांना क्लासला घेऊन येणार आहेत, त्यांना इंग्रजी येत नाही, तेव्हा पोरं प्रश्न इंग्रजीत लिहून आणणार आणि बाई ते मराठीत करून विचारणार आणि उत्तरं पुन्हा इंग्रजीत सांगणार असं ठरलंय. तपासता येतील असे प्रश्न आधी विचारायचे की सरळ तुम्हाला काय वाटतं तेच विचारायचं, यावर ग्रुपवर अजून भांडणं चालू आहेत.